साठ टक्के अनुदान आणि दहा जणींची सही

प्रश्न : आम्ही दापोली तालुक्यातल्या एका बंदरगावच्या दहा जणींचा बचत गट. सुकट, सोडे, बोंबील, बांगडा वाळवतो. इतकी वर्षं आगोटीच्या, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीच्या, दिवसांत टोपल्या घेऊन बाजारात बसायचो. अलीकडे पाव किलोची पाकिटं करतो. मुंबईला महालक्ष्मी सरसमध्ये स्टॉल मिळाला तेव्हा प्रदर्शन संपायच्या आधीच माल संपला. नणंदेचा मुलगा दुबईला आहे, तो म्हणतो इथली दुकानं घेतील. आता एक गृहस्थ गावात येऊन सांगतायत, पन्नास लाखांचा प्रकल्प टाका, बायकांना साठ टक्के अनुदान आहे, म्हणजे तीस लाख फुकट. प्रकल्प अहवालाचे पंचवीस हजार आधी द्यायचे, मंजुरीनंतर पाच टक्के. गटातल्या चौघी तयार आहेत, सहा जणी घाबरतात. यजमान म्हणतात, सरकारचा पैसा आहे, सोडू नको. वाळवणाची जागा किनाऱ्यावरची, कुणाच्याच नावावर नाही. अर्ज करावा का, आणि कुठे?

उत्तर :

ताई,

पंचवीस हजार देऊ नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे, पण एवढं आजच त्या गृहस्थांना कळवून टाका.

ते सांगतायत ती योजना खरी आहे. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना, सप्टेंबर २०२० मध्ये सुरू झालेली, २०,०५० कोटींची. तिच्यात सर्वसाधारण गटाला खर्चाच्या ४० टक्के आणि महिला, अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे, हेही खरं. मासळीवर प्रक्रिया करून विकणाऱ्या युनिटसाठी योजनेच्या यादीत पन्नास लाख खर्च धरलेला आहे. गृहस्थांचा आकडा तिथूनच आला. पण ती वरची मर्यादा आहे ताई. तेवढ्याचंच युनिट टाका, असं कुणी म्हटलेलं नाही. मर्यादेला टेकणारा प्रकल्प तुम्हाला लागतो म्हणून सुचवलेला नाही, त्यांचे पाच टक्के त्यावर मोजले जाणार म्हणून सुचवलाय.

आता या ‘फुकट’ तीस लाखांचं बघू. अनुदान आधी हातात पडत नाही. तुम्ही खर्च करायचा, बांधकाम-यंत्रं उभी करायची, अधिकारी येऊन बघणार, बिलं तपासणार, मग हप्त्याहप्त्याने पैसे सुटणार. तोवर ते तीस लाख कुणाचे? बँकेचे. अकरा टक्के व्याज धरलं तर वर्षाचे तीन लाख तीस हजार, महिन्याला साडेसत्तावीस हजार. शिवाय उरलेल्या वीस लाखांतही बँक तुमचा स्वतःचा हिस्सा मागणारच. मी बँकेत कर्ज विभागात काम केलंय. अनुदान उशिरा आलं म्हणून मोडलेली युनिटं मी पाहिली आहेत. माल वाईट होता म्हणून मोडलेली त्यापेक्षा कमी. अनुदान मिळणार नाही असं मी म्हणत नाही. कधी मिळेल ते तुमच्या हातात नसतं, आणि हप्त्याची तारीख मात्र पक्की असते.

एवढं मोठं युनिट चालवायला मासळी कुठून आणणार, हे गृहस्थांनी विचारलं का? बोंबलात पाणीच पाणी. पाच किलोंच्या वर ओले बोंबील घालाल तेव्हा कुठे किलोभर सुका हाती येतो. एक जून ते एकतीस जुलै यांत्रिक मासेमारी बंद, आणि पावसाळ्याचे महिने वाळवण असंही बसतं. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने यंत्र चालणार, हप्ता बारा महिने जाणार. लिलावात तुमच्याशी बोली लावायला बर्फवाले व्यापारी आणि मासळीचा कुटा करणारे कारखानदार असतात. खिशात रोख असल्याशिवाय तिथे माल मिळत नाही. आणि बहुतेक योजना यंत्राला पैसे देतात, मासळी विकत घ्यायला देत नाहीत. तुमच्यासारख्या धंद्याची खरी अडचण खेळत्या भांडवलाची असते. पन्नास लाखांचं शटर उभं राहिलं आणि आत सुकटीसाठी वाळवायला जवळा नाही, असं होऊ नये.

म्हणून माझं मत असं : अर्ज करा, पण लहान करा, आणि दुसऱ्या दारातून सुरुवात करा.

ते दार म्हणजे प्रधानमंत्री सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योग योजना. पीएमएफएमई म्हटलं की कार्यालयात लगेच कळतं. आपल्याकडे ती कृषी विभाग राबवतो, त्यामुळे मासळीवाल्या बायका तिकडे फिरकतच नाहीत. पण मासळीवरची प्रक्रियाही अन्नप्रक्रियाच. तिच्यात प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त दहा लाख अनुदान मिळतं. स्वतःचा वाटा किमान दहा टक्के, बाकी बँकेचं कर्ज. साठापुढे पस्तीस कमी वाटतील. पण बचत गटांसाठी तिच्यात एक गोष्ट अशी आहे, जी साठ टक्क्यांत नाही : अन्नप्रक्रियेत काम करणाऱ्या गटातल्या प्रत्येक सभासदाला ४०,००० रुपये बीजभांडवल, खेळत्या पैशासाठी आणि लहानसहान अवजारांसाठी. दहा जणींचे चार लाख. ते तुमच्या ‘उमेद’च्या, म्हणजे राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या, प्रभागसंघामार्फत येतात आणि सभासदांना कर्जाऊ मिळतात. परतफेड गटातच होते, पैसा गटात फिरता राहतो. लिलावात उभं राहायला हेच पैसे लागणार आहेत. ‘उमेद’कडून गटाचं काम बघणाऱ्या तुमच्या सीआरपी ताईंना उद्याच विचारा, तुमच्या गटाचं नाव त्या यादीत गेलंय का.

अनुदानाचे पैसे या योजनेतही बँकेतच अडकून राहतात, हे आधीच सांगते. कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून तीन वर्षं खातं नीट चाललं, युनिट चालू राहिलं, तर ती रक्कम कर्जात वळती होते. मधेच बंद केलंत तर नाही. मला ही अट आवडते. यंत्र घेऊन अनुदान उचलून गायब होणाऱ्यांमुळेच खऱ्या गटांची प्रकरणं बँकेत अडतात.

आणि अहवालाचे पंचवीस हजार? या योजनेत जिल्ह्याला ‘जिल्हा संसाधन व्यक्ती’ नेमलेल्या असतात. प्रकल्प अहवाल बनवणं, ऑनलाइन अर्ज भरणं, बँकेत पाठपुरावा करणं, एफएसएसएआयची, म्हणजे अन्नसुरक्षेची, नोंदणी काढून देणं हे त्यांचं काम. कर्ज मंजूर झालं की त्यांचं मानधन सरकार देतं. तुमच्याकडून एक रुपया घ्यायचा नसतो. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन नाव विचारा. कुणी पैसे मागितले तर तिथेच लेखी द्या.

दोन्ही योजनांची मूळ मुदत २०२४-२५ पर्यंत होती, ती २०२५-२६ पर्यंत वाढवली गेली. तेव्हा अर्जाच्या दिवशी निधी आणि मुदत दोन्ही चालू आहेत का, हे कार्यालयात विचारूनच पुढचं पाऊल टाका. ऐकीव माहितीवर यंत्राचं कोटेशनही मागवू नका.

दहा जणींना पुरेल असं काय लागेल, याचा माझा अंदाज. वाळवणासाठी उंच मांडव आणि एक सौर ड्रायर, धुण्याची-खारवण्याची टाइल लावलेली जागा, स्टीलची टेबलं, वजनकाटा, ओलावा मोजायचं यंत्र, पिशव्या सील करायचं यंत्र, माल ठेवायला कोरडी बंद खोली. सात-आठ लाखांत बसावं. आठ धरा : अनुदान दोन लाख ऐंशी हजार, तुमचा वाटा ऐंशी हजार, बाकी कर्ज. दहा लाखांपर्यंतच्या सूक्ष्म उद्योगाच्या कर्जाला बँकेने तारण मागायचं नाही, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मागितलं तर नियमाचं नाव घेऊन विचारा. आवाज चढवायची गरज नाही, नियम माहीत आहे एवढं दिसलं की पुरतं.

मत्स्यसंपदा योजना सोडून द्या असं नाही. तिच्यातल्या लहान गोष्टी बघा. बर्फपेटीसह मोटारसायकल, बर्फपेटीची रिक्षा, मासळी विक्रीचा किऑस्क हे सगळं तिच्यात आहे, आणि बाईच्या नावावर घेतलं तर साठ टक्के तिथेही लागू. तुमच्यातल्या कुणाची सून ताजी मासळी दारोदार विकत असेल तर तिच्यासाठी ही गाडी पन्नास लाखांच्या युनिटपेक्षा जास्त कामाची. तो अर्ज जिल्ह्याच्या सहायक आयुक्त, मत्स्यव्यवसाय यांच्याकडे. फक्त एकाच यंत्रावर दोन योजनांचं भांडवली अनुदान मागू नका. ते उघड होतं आणि दोन्हीकडून नाव कटतं.

आणखी एक काम पैसे न लागता होतं : राष्ट्रीय मत्स्यव्यवसाय डिजिटल मंचावर, एनएफडीपीवर, दहाही जणींची नोंदणी. सप्टेंबर २०२४ मध्ये तो सुरू झाला. मत्स्यसंपदेची जी उपयोजना फेब्रुवारी २०२४ मध्ये मंजूर झाली, सहा हजार कोटींची, २०२६-२७ पर्यंत चालणारी, तिचा रस्ता या नोंदणीतूनच जातो. तिच्यात सूक्ष्म उद्योगांना कामगिरी दाखवल्यावर अनुदान आहे. महिलांच्या उद्योगाला गुंतवणुकीच्या ३५ टक्के किंवा ४५ लाख, यातलं जे कमी असेल ते. गटांच्या संघांना मर्यादा दोन कोटींपर्यंत. ‘कामगिरी दाखवल्यावर’ हे शब्द नीट वाचा. आधी धंदा वाढवायचा, रोजगार द्यायचा, हिशेब दाखवायचा, मग पैसे. आज तुमच्याकडे दाखवायला वह्या आहेत का? नसतील तर आजपासून घाला. कुठल्या तारखेला किती ओली मासळी, काय भावाने, किती सुकी निघाली, कुठे विकली. पाच रकान्यांची साधी वही दोन वर्षांनी तुमच्या बाजूने बोलेल.

आता जागा. तुमच्या पत्रातली सगळ्यात अवघड ओळ तीच आहे.

किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाळवण घालणाऱ्या कोळी बायकांच्या नावावर त्या वाळूचा सातबारा नसतो. कोळीवाड्यांच्या सीमांकनाची मागणी किती वर्षं चालू आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको. बँकेच्या फॉर्मवर मात्र ‘जागेचा पुरावा’ असा रकाना असतो आणि तिथे प्रकरण थांबतं. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत स्थानिक मच्छीमारांना लागणाऱ्या सोयींना, म्हणजे वाळवणाचे ओटे, लिलावगृह, बर्फाचा कारखाना, जाळी विणायच्या जागा यांना वाव ठेवलेला आहे. पण वाव म्हणजे परवानगी नाही. पक्कं बांधकाम करायचं तर ती रीतसर काढावी लागते, आणि ती एखाद्या गटाला एकट्याने निघत नाही. मच्छीमार सोसायटी आणि ग्रामपंचायत सोबत लागतात. सरकारी पैशातून परवानगीशिवाय किनाऱ्यावर शेड उभारली आणि ती पाडायची नोटीस आली, तर कर्ज मात्र उभंच राहील.

म्हणून जागेचे दोन तुकडे करा. वाळवण आहे तिथेच, हलवता येतील अशा बांबूच्या किंवा पाइपच्या मांडवांवर. त्याला ग्रामपंचायतीचं आणि सोसायटीचं लेखी नाहरकत पत्र घ्या. धुणं, पॅकिंग, साठवण गावात, जिच्या नावावर घर आहे अशा सभासदाच्या खोलीत. घरपट्टीची पावती, वीजबिल, आणि गटाच्या नावाने नोंदणीकृत भाडेकरार. भाडं पाचशे रुपये का असेना, कागदावर असू दे. नात्यातल्या नात्यात ‘राहू दे गं, भाडं कसलं’ असं म्हणून पुढे दोन घरांत अबोला आलेला मी पाहिलाय. जागा विकत घ्यायला यातली कुठलीच योजना पैसे देत नाही, त्यामुळे गृहस्थांनी ‘प्लॉट पण बघून देतो’ म्हटलं असेल तर तोही विषय संपला.

मांडवाचा आग्रह मी उगाच धरत नाहीये. पाकीट उघडल्यावर दाताखाली वाळू आली की शहरातलं गिऱ्हाईक परत येत नाही. बाजारात टोपलीतली सुकट घेणारी बाई ती घरी जाऊन निवडते, पाखडते. पाकीट घेणारी निवडत नाही, ती न निवडण्याचेच पैसे मोजत असते. जमिनीवर वाळवलेल्या मालाला माश्या बसतात, अळ्या होतात, कुत्री फिरतात. उंचावर वारा खालूनही लागतो आणि वाळवण लवकर होतं. बोंबील तुम्ही वलांडीवर, म्हणजे बांबू-दोरीच्या मांडणीवर, टांगताच, मग जवळ्याने काय घोडं मारलंय? कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेने, सीआयएफटीने, मासळीसाठी सौर ड्रायर तयार केलेले आहेत. नवी मुंबईत वाशीला त्यांचं केंद्र आहे. आणि तुमच्या जिल्ह्यातच शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं. पहिला फेरा तिथे मारा. नमुने घेऊन जा, ओलावा, मीठ, बुरशी तपासून घ्या, प्रशिक्षणाची तारीख विचारा. मग यंत्रवाल्याकडे. उलटा क्रम धरला तर यंत्रवाला आपल्याकडे जे शिल्लक आहे ते विकतो.

पिशवीचंही तिथेच विचारा. दुकानदार तुम्हाला व्हॅक्युमचं यंत्र गळ्यात घालू पाहील. बांगड्यासारख्या तेलकट मासळीला हवा काढून पॅक केल्याचा फायदा होतो, तेल खवट व्हायचा वेग मंदावतो. पण जवळ्याच्या मिशा आणि न सोललेल्या करंदीचे काटे पातळ पिशवीला भोक पाडतात, आणि दाबाने जवळ्याचा चुरा होतो तो वेगळाच. त्यांना जाड, पदर असलेली पिशवीच बरी. वासाचा प्रश्नही तिनेच सुटतो. कुरिअरवाला, एसटीचा कंडक्टर, सोसायटीचा लिफ्टमन, तिघेही सुकटीच्या वासावरून नाही म्हणतात. विक्री वाढवायची तर आधी या तिघांच्या नाकाला पटायला हवं.

लेबलावर एफएसएसएआयचा क्रमांक, बॅच, तारीख, निव्वळ वजन, किंमत, मांसाहाराचं तपकिरी त्रिकोणाचं चिन्ह, आणि जवळा-सोड्यांच्या पाकिटावर कवचधारी जलचर असल्याची ॲलर्जीची सूचना. पॅक करून नाव छापलेल्या मालाचा जीएसटी सुट्या मालापेक्षा वेगळा पडतो, तो एखाद्या सीएला विचारून किमतीत आधीच धरा.

दुबई. इथे तुमचा उत्साह थोडा कमी करणार आहे. २०२४-२५ मध्ये देशाची मासळी निर्यात ६२,४०८ कोटी रुपयांची झाली, हे आकडे पेपरात वाचून सगळ्यांनाच निर्यात करावीशी वाटते. पण त्यातला सिंहाचा वाटा गोठवलेल्या कोळंबीचा, तीही मुख्यतः आंध्रासारख्या राज्यांतल्या तळ्यांतली. सुक्या मासळीचा हिस्सा त्यापुढे लहान. निर्यातीला आयात-निर्यात कोड काढणं सोपं, घरबसल्या निघतो. पुढे एमपीडाची, म्हणजे सागरी उत्पादने निर्यात विकास प्राधिकरणाची नोंदणी, आणि निर्यात तपासणी यंत्रणेच्या निकषांत बसणारं युनिट. हे दहा जणींच्या गटाचं पहिल्या वर्षीचं काम नव्हे. नणंदेच्या मुलाने बॅगेतून दहा किलो नेले आणि मित्रांना वाटले, तो कौतुकाचा भाग. दुकानदार बिल मागेल, आरोग्य प्रमाणपत्र मागेल, दर महिन्याला तसाच माल मागेल. त्याला खरंच घ्यायचं असेल तर ज्याच्याकडे नोंदणी आहे अशा निर्यातदाराला माल द्या. एमपीडाच्या कार्यालयात अशा निर्यातदारांची माहिती मिळेल. नफा कमी, पण कंटेनर अडकला तर झोप त्याची उडेल.

त्याआधी घाट चढा ना! पुणे, कोल्हापूर, सांगली, नाशिक. घाटावर आठवडी बाजारात सुकट खपते, पण चांगलं, स्वच्छ पाकीट क्वचित दिसतं. मुंबई-पुण्यात कोकणातली माणसं इतकी आहेत की त्यांच्या आगोटीच्या खरेदीवर तुमचा पहिला हंगाम निघेल. सरसमध्ये माल घेतलेल्यांचे फोन नंबर लिहून ठेवले होते का? ठेवले असतील तर एप्रिलमध्ये त्यांना एक संदेश जाऊ दे. याला अनुदान लागत नाही. पीएमएफएमईत ब्रँडिंग आणि विक्रीसाठी निम्मा खर्च द्यायची तरतूद आहे, पण ती अनेक गटांनी एकत्र येऊन करायच्या कामाला. शेजारच्या बंदरातले गट सोबत घेता आले तर पुढच्या वर्षी तिचा विचार करा.

राहिल्या त्या सहा जणी. त्यांना भित्र्या म्हणू नका. गटाच्या कर्जावर दहा सह्या असतात आणि एकीचा हप्ता चुकला की बाकीच्यांच्या नावाला बट्टा लागतो. हे त्यांना न शिकवता कळलंय. गटाची बैठक घ्या, वर लिहिलेला आठ लाखांचा हिशेब फळ्यावर मांडा, आणि एकच प्रश्न विचारा : अनुदान आलंच नाही असं धरलं, तर महिन्याचा हप्ता आपल्या विक्रीतून निघतो का? निघत असेल तर दहाही जणी सही करतील. निघत नसेल तर ड्रायर लहान करा, किंवा या हंगामात फक्त मांडव, सीलिंगचं यंत्र आणि बीजभांडवल एवढ्यावर काढा. चौघींनाच पुढे जायचं असेल तर त्यांनी वेगळा व्यवसाय नोंदवून स्वतःच्या नावाने कर्ज काढावं. गटाचा ठराव घेऊन सहा जणींच्या सह्या ओढू नयेत.

आणि यजमानांना सांगा, सरकारचे पैसे सोडत नाही आहोत. फक्त त्यांच्या बोटीच्या कर्जासारखंच हेही कर्ज आहे, आणि ते गटाच्या नावावर आहे. त्यांचं स्वतःचं किसान क्रेडिट कार्ड काढलंय का, तेही विचारा. मच्छीमारांना ते २०१८-१९ पासून मिळतं, आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतल्यापासून बँकांना नाही म्हणायला कारणं कमी उरली आहेत. डिझेल-बर्फाचा खर्च त्या कार्डावर गेला, तर हंगामाच्या सुरुवातीला गटाच्या बचतीतून उसने मागायची वेळ त्यांच्यावर येणार नाही. ही सवय बहुतेक घरांत असते, तुमच्याकडे नसेल तर उत्तमच.

शिरगावहून नमुन्यांचा अहवाल आला आणि घाटावरच्या दोन-तीन दुकानांचे भाव कळले की पुन्हा लिहा. ड्रायर किती किलोचा घ्यायचा ते तेव्हा ठरवू.